तालुक्याच्या जुन्या सरकारी दवाखान्यासाठी निधी मागायचाय, निवेदनात नेमकं काय लिहावं?

माळावरचा_वड

नमस्कार मंडळी.

आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालय आहे. नाव मुद्दाम घेत नाही. तिथली माणसं बिचारी चांगली आहेत, उद्या कुणीतरी हा धागा छापून त्यांच्या टेबलावर ठेवायचा. कोल्हापूरपासून दीड तास, पावसाळ्यात दोन. कागदावर 50 खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. पुरुष वॉर्डात स्लॅब गळतो म्हणून चार खाटा भिंतीकडं सरकवल्या, त्याला आता तीन पावसाळे झाले. एक्स-रे मशीन आहे, पण ते चालवणारा दुसऱ्या रुग्णालयातनं आठवड्याला दोन दिवस येतो. म्हणजे हात मोडायचा तर मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. बाळंतपणं होतात, पण जरा अडलं की 108 बोलवायची आणि कोल्हापूर.

परवा मारुतीच्या देवळात बैठक झाली. ठरलं असं की सरकारकडं 100 खाटांची नवी इमारत मागायची. मी मराठीचा मास्तर, म्हणून निवेदन लिहायचं काम आपोआप माझ्या गळ्यात. आपले पालकमंत्री प्रकाश आबिटकर हेच सार्वजनिक आरोग्यमंत्री आहेत, आणि वैद्यकीय शिक्षण खातं कागलच्या हसन मुश्रीफांकडं. दोन्ही खाती एका जिल्ह्यात, अशी वेळ परत कधी येणार?

तर विचारायचं एवढंच. कुणाकडं मागायचं, काय मागायचं, आणि यातनं कुणी गेलंय का? मी आजवर शाळेच्या कंपाउंडपलीकडं सरकारकडं काही मागितलेलं नाही. तेही मिळालं नाही.

बॅटरीवाला

पहिला. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी हात मोडण्यात येतील असा बोर्ड एसटी स्टँडवर लावा.

पेठकर

मास्तर, निवेदनं देऊन कोल्हापुरात काय मिळालंय? टोल निवेदनानं गेला का? रस्त्यावर उतरलं गाव, तवा गेला. हायकोर्टाच्या बेंचसाठी वकिलांनी चाळीसेक वर्षं रेटा लावला, तेव्हा कुठं ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंच सुरू झालं. तालुका बंद ठेवा एक दिवस. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

बॅटरीवाला

@पेठकर, म्हणजे चाळीस वर्षांनी एक्स-रे निघणार. हाड तोवर आपोआप जुळतंय.

ट्रेझरी_आण्णा

मास्तर, निवेदन लिहायच्या आधी थांबा. मी 31 वर्षं कोषागारात बिलं पास केली (आणि त्याहून जास्त परत पाठवली), म्हणून सांगतो.

आरोग्यावरचा सरकारी पैसा मुख्यतः दोन लेखाशीर्षांखाली असतो. 4210 म्हणजे भांडवली खर्च, त्यातनं इमारत होते. 2210 म्हणजे महसुली, त्यातनं पगार, औषधं, मशीनच्या देखभालीचा करार वगैरे. 4210 चा पैसा मिळवणं तुलनेनं सोपं. कोनशिला बसते, नारळ फुटतो, पेपरात फोटो येतो. 2210 चा पैसा दरवर्षी लागतो, कायमचा, आणि भूलतज्ज्ञाचं पद मंजूर झालं म्हणून आजवर कुणी फीत कापलेली मी बघितली नाही.

घरात म्हैस घेऊन देणारा सोयरा मिळतो, वैरण घालणारा मिळत नाही. तुम्ही मागताय म्हैस. गोठ्यात आधीच एक म्हैस उपाशी उभी आहे, तिचं काय?

100 खाटा मागितल्या तर त्याला श्रेणीवर्धन म्हणतात. श्रेणीवर्धनाला मान्यता एक, बांधकामाला प्रशासकीय मान्यता दुसरी, आणि पदनिर्मिती तिसरी. तिसरी फाईल वित्त विभागातनं आणि उच्चस्तरीय सचिव समितीतनं जाते. पहिल्या दोन झाल्या की गावाला वाटतं काम झालं, सगळे घरी जातात. तिसरी तिथंच राहते. जिल्हा नियोजन समितीच्या पैशातनं यंत्र घेता येतं, खोल्या बांधता येतात, पण कायम पद निर्माण होत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

माळावरचा_वड

आण्णा, दंडवत. बैठकीत हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तर निवेदन दोन्ही मंत्र्यांच्या नावानं लिहायला घेतलं होतं.

ट्रेझरी_आण्णा

दोघांना द्या, पण काम कुणाचं ते समजून द्या. कोल्हापूरचं सीपीआर हे मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याकडं. मंत्री वेगळे, सचिव वेगळे, बजेट वेगळं. चुकीच्या खात्यात गेलेलं निवेदन 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' शेरा मारून फिरत राहतं. मी असली निवेदनं वयात येऊन निवृत्त झालेली बघितलीत.

सिस्टर_आक्का

आण्णांचं बरोबर आहे, पण मी जरा वेगळं सांगतो. मी 34 वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम केलो, शेवटची नऊ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात. कुठं ते सांगत नाही.

इमारत म्हणजे नुसती कोनशिला, असं म्हणू नका. पावसात भिंतीला हात लावला की झिणझिण्या यायच्या असल्या वॉर्डात मी रात्रपाळ्या केलो. एका बोर्डावर वॉर्मर, सक्शन आणि वर कुणाच्यातरी मोबाईलचं चार्जर. वायरिंग ज्या काळातलं, त्या काळात वॉर्डात पंखा आणि ट्यूब एवढंच होतं. मशीनं वाढत गेली, वायर तीच. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली, त्या दिवशी आम्ही सगळ्या ड्यूटीवरच्या बायका कितीतरी वेळ त्या बोर्डाकडं बघत उभ्या होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरला आयसीयू जळालं.

तेव्हा मास्तर, नवी इमारत मिळेल तेव्हा मिळू दे. स्ट्रक्चरल ऑडिट, फायर ऑडिट आणि वायरिंग हे उद्याच्या उद्या मागा. त्याला शंभर खाटा लागत नाहीत.

नवा_भिडू_पुणे

क्षमस्व, अवांतर आहे. सिस्टर_आक्का, तुम्ही 'काम केलो' लिहिलंय. आपण ताई की दादा? प्रतिसाद सुंदर आहे, फक्त संबोधन चुकायला नको म्हणून विचारतो.

सिस्टर_आक्का

आक्का म्हणजे दादा असतो होय रे तुमच्याकडं?

बॅटरीवाला

कोल्हापुरात आई पण 'आलो', आजी पण 'आलो' आणि म्हशीला विचारलं तर ती पण 'आलो'च म्हणणार. ओ पुणे, तुम्ही दुपारची झोप काढून या.

बंधपत्रित

सरकारी मेडिकल कॉलेजातनं एमबीबीएस झालं की एक वर्ष बाँड असतो. माझा मी अशाच एका रुग्णालयात काढला. जिल्हा सांगत नाही.

मास्तरांनी बाळंतपणाचं लिहिलंय म्हणून साखळी सांगतो. सिझेरियनला काय लागतं? स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, रक्त साठवण केंद्र आणि चालू असलेलं ऑपरेशन थिएटर. पाचातलं एक नसलं तर उरलेली चार असून नसल्यासारखी. आमच्याकडं थिएटर नवं कोरं होतं, टाइल्स अशा चकचकीत की भांग पाडावा. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमही होत्या. भूलतज्ज्ञ नव्हता. त्या वर्षी त्या थिएटरमध्ये मुख्यतः कुटुंबनियोजनाची शिबिरं झाली, आणि एकदा मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आधी पेढ्यांचे बॉक्स ठेवले होते.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातून खाजगी भूलतज्ज्ञाला दर केसमागे मानधन देऊन बोलावता येतं. पण तो तालुक्याला राहायला तर पाहिजे. तज्ज्ञ तालुक्याला का राहत नाही याचं उत्तर बऱ्याचदा त्या पडक्या क्वार्टरमध्ये असतं. मला दिलेल्या क्वार्टरच्या संडासाला दार नव्हतं. मी पडदा लावला होता. निवेदनात रुग्णालयाच्या आधी क्वार्टर लिहा, हसू नका.

गगनगिरीच्या_पायथ्याशी

माझ्या भाचीला अडलेलं म्हणून एका दवाखान्यातनं कोल्हापूरला पाठवलं. पाऊस असा की दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. 108 मधला डॉक्टर पोरगा 25-26 चा असेल. वाटेतच गाडी कडेला घेतली आणि बाळंतपण केलं. दोघी सुखरूप. पोरीचं नाव आम्ही वर्षा ठेवलं. पण दरवेळी तो पोरगा गाडीत असेलच असं नाही.

बाकी काही म्हणायचं नाही. चर्चा चालू द्या.

सिस्टर_आक्का

त्या पोराला माझा नमस्कार सांगा, भेटला तर.

पुणेरी_कोल्हापूरकर

मी थोडं विरुद्ध बोलतो. सरकारकडून 50 खाटा नीट चालत नाहीत तर 100 कशाला? जागा आणि इमारत सरकारची, चालवायला चांगली धर्मादाय संस्था, असं का नको? आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण सगळ्या शिधापत्रिकाधारकांना मिळून वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत गेलंय. पैसा रुग्णामागून जाऊ दे. जिथं उपचार चांगला, तिथं लोक जातील.

पेठकर

पुण्याला गेला आणि बिघडला.

बंधपत्रित

@पुणेरी_कोल्हापूरकर, टिंगल न करता उत्तर देतो. योजनेतले बहुतेक पैसे ठरावीक उपचारांच्या पॅकेजला मिळतात. साप चावला, विंचू चावला, पोराला फिट आली, म्हातारीला दम लागला, हे तालुक्याच्या दवाखान्याचं रोजचं काम. यात कुठल्याच खाजगी संस्थेला पैसा सुटत नाही. योजनेखालची मोठी रुग्णालयं शहरात आहेत. पैसा रुग्णामागून जाईल, पण रुग्ण दीड तास कुणामागून जाणार?

मात्र तुमच्या म्हणण्यात एक धागा धरण्यासारखा आहे. सरकारी रुग्णालयही या योजनेत असू शकतं. क्लेम मंजूर झाला की रक्कम रुग्णालयाकडं येते आणि तिचा काही भाग तिथल्याच सुधारणेला वापरता येतो. पण कागदपत्रं भरायला माणूस नसतो म्हणून क्लेम पाठवलेच जात नाहीत, असं मी पाहिलंय. मास्तर, तुमच्याकडं आरोग्यमित्र (योजनेच्या रुग्णांना मदत करणारा माणूस) बसतो का? विचारून बघा.

इचलकरंजी_मँचेस्टर

आमच्या इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयाचं उदाहरण घ्या. नगरपालिकेचा दवाखाना होता, खर्च झेपेना, म्हणून राज्य सरकारकडं दिला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण नाव बदललं, बोर्ड बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर उगवत नाहीत. मालक बदलला की पाठपुरावा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. आण्णांची वैरण पटली.

जुना_राजवाडा

थोडा इतिहास, कारण सगळे सीपीआर सीपीआर म्हणतायत. त्याचं मूळ नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तिथली जुनी दगडी इमारत 1880 च्या दशकातली. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. नवा राजवाडा त्याचाच, टाऊन हॉलही त्याचाच. पुढं छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव लागलं. आता शेंडा पार्कात 1100 खाटांचं रुग्णालय उभं राहतंय.

मुद्दा असा की ती दगडी इमारत अजून उभी आहे. तालुक्यातल्या 35-40 वर्षांच्या आरसीसी इमारती गळायला लागल्यात. वय हा प्रश्नच नाही. दगडाच्या इमारतीच्या मोऱ्या आणि कौलं दरवर्षी मे महिन्यात साफ व्हायची, म्हणून ती टिकली. आमचे आजोबा तिथं कामाला होते, त्यांनी सांगितलेलं.

बॅटरीवाला

इमारत टिकली, पण तिथं गाडी लावायला जागा टिकली नाही. आता समोरच जुन्या कोर्टात सर्किट बेंच. पेशंट, वकील, पक्षकार आणि पोलीस एकाच झाडाखाली सावली शोधतायत. अपघात झाला तर दवाखाना आणि दावा दोन्हीची सोय एका चौकात.

पेठकर

बेंचला काही बोलायचं नाही हां बॅटरी.

वडगावची_वाट

मला शंभर खाटांच्या बाजूनं बोलायचंय. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर कितीतरी दिवस तुटलं. 2021 ला परत तेच. आमच्या आईचं डायलिसिस कोल्हापुरात चालू होतं. आम्ही पंचगंगेच्या अलीकडं, मशीन पलीकडं. मिळेल त्या रस्त्यानं एक खाजगी दवाखाना शोधला, तिथल्या दरात आठवड्याला तीनदा म्हणजे काय ते ज्यानं भरलं त्यालाच ठाऊक. शेंडा पार्कात 1100 काय 11000 खाटा करा, पूर आला की नदीच्या या अंगाला शून्य. म्हणून मोठं जे काही करायचं ते सगळं शहरातच नको.

आण्णा, वैरण नाही म्हणून म्हैसच घ्यायची नाही, हे मला पटत नाही. आधी म्हैस आली की वैरणीसाठी भांडता तरी येतं.

ट्रेझरी_आण्णा

वडगावकर, तुमचा पुराचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मान्य. फक्त एक सांगतो. रिकाम्या इमारतीसाठी भांडायला नंतर कुणी येत नाही. लोक म्हणतात, झालाय की दवाखाना. 2021 मध्ये ठिकठिकाणी ऑक्सिजनचे पीएसए प्लांट बसले. दुसरी लाट ओसरल्यावर त्यातल्या कितींची देखभाल झाली, हे आपापल्या तालुक्यात जाऊन बघा. कुलपं दिसतील.

म्हणून म्हणतो, दोन्ही एकाच कागदात मागा. 'पदनिर्मितीसह श्रेणीवर्धन' असा शब्द वापरा. 'सह' महत्त्वाचा.

निपाणीचा_पाव्हणा

आम्ही कर्नाटकातले, पण दुखलं की कोल्हापूर. तुमच्या मागणीत आमची पण डोकी मोजा. तालुक्याची लोकसंख्या धरून खाटा ठरवतात आणि सीमेपलीकडनं येणारा पेशंट कुणाच्याच हिशेबात नसतो. केसपेपरवर पत्ता असतो की. ओपीडीचं रजिस्टर काढा.

बॅटरीवाला

सीमाप्रश्न ओपीडीत सुटणार बहुतेक.

बंधपत्रित

विनोद राहू दे, निपाणीकरांचा मुद्दा सगळ्यात कामाचा आहे. आकडे गोळा करा. मागच्या बारा महिन्यांत रुग्णालयातून किती रुग्ण पुढं पाठवले आणि कशासाठी, याचं रेफरल रजिस्टर असतं. महिन्याला पंधरा बायका फक्त भूलतज्ज्ञ नाही म्हणून कोल्हापूरला जात असतील, तर तो एकच आकडा बाकीच्या दहा पानांना भारी पडतो. 'रुग्णांची हेळसांड होत आहे' हे वाक्य मंत्रालयात रोज शंभर वेळा येतं.

माळावरचा_वड

'हेळसांड' माझ्या मसुद्यात तीनदा आहे. खोडतो.

पण रजिस्टर आम्हाला कोण दाखवणार?

ट्रेझरी_आण्णा

माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, मराठीच्या मास्तरांना जड जाईल. उत्तराला 30 दिवस. रुग्णांची नावं मागू नका, नुसती महिनावार संख्या आणि कारण. दुसरा अर्ज: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून. तिसरा: बंद यंत्रांची यादी, देखभाल करार आणि निर्लेखनाचा (निकामी वस्तू यादीतनं काढण्याचा) प्रस्ताव. निर्लेखन झाल्याशिवाय जुनं मशीन हलत नाही आणि ते हलल्याशिवाय नव्याला जागा नाही, म्हणून सगळीकडं व्हरांड्यात गंजकी कपाटं दिसतात.

आणि अर्जाआधी अधीक्षकांना भेटा. बऱ्याचदा त्यांनाच हे आकडे कुणीतरी मागावेत असं वाटत असतं. त्यांचीही पत्रं वर पडून असतात.

सिस्टर_आक्का

असतातच. माझ्या मेट्रन बाईंनी वायरिंगचं पत्र सात वेळा पाठवलं होतं. आठव्यांदा गावातल्या सरपंच बाई स्वतः घेऊन गेल्या, तेव्हा इंजिनियर आला. बोर्ड बदलला, मी केक कापलो.

पुणेरी_कोल्हापूरकर

मी माझा मुद्दा सोडलेला नाही, पण बंधपत्रितांचं 'रुग्ण कुणामागून जाणार' डोक्यातनं जात नाहीये. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 मध्ये लिहिलंय की राज्यांनी बजेटच्या 8 टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा, तेही 2020 पर्यंत. आपलं राज्य त्याच्या बरंच खाली आहे. मास्तर, हे निवेदनात एका ओळीत घाला. मी टाइप करून, पीडीएफ करून देतो. पेठकर, बिघडलेला माणूस एवढं करू शकतो.

पेठकर

घेतला शब्द माघारी. ये सुट्टीला, दूध कट्ट्यावर जाऊ. म्हैस बघून घे, वैरण खाल्लेली.

माळावरचा_वड

मंडळी, काल रात्री मसुदा परत लिहिला आणि आज बैठकीत वाचला. थोडी वादावादी झाली. आमच्या एका ज्येष्ठांना इमारत पहिल्या क्रमांकावरच हवी होती. त्यांचे वडील त्या जागेसाठी जमीन देणाऱ्यांपैकी, त्यामुळं भावनाही होती. शेवटी ठरलं ते असं: आधी वायरिंग आणि दोन्ही ऑडिट, लगेच. मग भूलतज्ज्ञ आणि एक्स-रे तंत्रज्ञ ही रिक्त पदं, क्वार्टरच्या दुरुस्तीसह (संडासाच्या दारासह, बंधपत्रित). आणि मग पदनिर्मितीसह श्रेणीवर्धन, त्यात डायलिसिस, पुराचं कारण देऊन. ज्येष्ठ म्हणाले, माझी इमारत तिसऱ्या नंबरावर ढकललीस मास्तरा. मी म्हटलं, दादा, पण आता तिच्यात डॉक्टर पण आहेत.

आकडे अजून हातात नाहीत. अधीक्षकांना भेटलो. त्यांनी चहा दिला, दार लावून घेतलं आणि ड्रॉवरमधनं आपल्याच पत्रांच्या प्रतींची एक जाडजूड फाईल काढली. म्हणाले, न्यायला देत नाही, इथं बसून वाचा. मी दोन तास वाचत बसलो. माझ्यापेक्षा मराठी चांगलं आहे त्यांचं. त्यातलेच आकडे आता माहिती अधिकारात मागतोय.

पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं काही उपयोग होईल का?

ट्रेझरी_आण्णा

होऊ शकेल, पण असलं सामूहिक निवेदन तिथं घेतात का ते आधी विचारून घ्या. पोहोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या. लोकशाही दिनाला अर्ज आधी द्यावा लागतो, त्यामुळं या सोमवारी नाही, पुढच्या महिन्यात. तोवर माहिती अधिकाराचं उत्तरही येईल. पुरवणी मागण्या (बजेटनंतर मागितलेला जादा निधी) पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात येतात, त्याच्या दोन महिने आधी तुमचा कागद मंत्रालयात पोहोचलेला पाहिजे.

वडगावची_वाट

मी येतो. आईची जुनी बिलं आणतो, पुराच्या आठवड्यातली.

गगनगिरीच्या_पायथ्याशी

आम्ही पण. वर्षाला घेऊन येऊ का? चार वर्षांची झाली आता.

माळावरचा_वड

आणा की. किती जण होतायत सांगा, एसटी सकाळी एकच आहे.

बॅटरीवाला

वडाप (प्रवासी जीप) करू. पुढच्या सीटवर सिस्टर आक्का. आण्णा टपावर, फाईल घेऊन.